मुरुडकरांचा वाटा

आज १८ एप्रिल, महर्षी धोंडो केशव कर्वे यांची, म्हणजे आपल्या अण्णांची जयंती. हापूसच्या पेट्या भरण्याच्या दिवसांत ती येते, म्हणून दापोली तालुक्यातल्या आमच्या मुरुडात तिला आंब्याच्या अढीचा वास असतो आणि सुट्टीला येणाऱ्या चाकरमान्यांची चाहूलही. शेरवली हे अण्णांचे आजोळ, पण ते वाढले इथे, या आगरांच्या सावलीत. पुढे मुंबईला गेल्यावर त्यांनी बाहेरगावच्या मुरुडकरांना हाताशी धरून 'मुरुड फंड' उभा केला. बाहेर कमावणाऱ्याच्या मिळकतीत गावाचाही वाटा असतो, इतकी साधी त्यामागची भावना होती.

जाणारे त्यानंतरही जातच राहिले. २००१च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात १६,९६,७७७ माणसे होती. २०११ला ती १६,१५,०६९ भरली, आणि दर हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या १,१२२. कोकणात या आकड्यांचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पाखाडीने चालत गेले की तो दिसतो. एका घराला कुलूप, पुढच्या घराच्या कडीला सुंभाची गाठ, आणि तिसऱ्या घरी एकट्या आजी. त्यांच्या फडताळात श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात गोळ्यांची पाकिटे असतात, मुलाने मुंबईहून रात्रीच्या गाडीने धाडलेली. सकाळच्या पाकिटाला लाल दोरा, रात्रीच्याला काळा. अक्षर आता दिसत नाही, म्हणून आशाताईंनी, गावच्या आरोग्य स्वयंसेविकेने, ते दोरे बांधून दिले आहेत.

सरकारी आरोग्यसेवेचा हिशेब डोक्यांवर चालतो. सपाटीवर ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. डोंगरी भागात हेच आकडे ३,००० आणि २०,०००. माणसे घटली की कागदावर आहे ते मनुष्यबळ पुरेसे वाटू लागते. पण गाव सोडून गेली ती धडधाकट माणसे. मागे राहिली ती रक्तदाब, साखर आणि गुडघे सांभाळत बसलेली, ज्यांच्या दारी परिचारिकेने महिन्यातून एकदा नव्हे, चारदा यायला हवे. दापोलीचे उपजिल्हा रुग्णालय दहा-बारा किलोमीटरवर आहे खरे. पण ऐंशीव्या वर्षी, सोबतीला कुणी नसताना, आसूदची चढण फार लांब होते. पदे मंजूर करताना डोक्यांबरोबर वय आणि वाटही मोजली गेली पाहिजे, हे आपण ग्रामसभेपासून मंत्रालयापर्यंत सांगत राहायला हवे.

आणि पद मंजूर झाले म्हणून माणूस टिकतोच असे नाही. रत्नागिरीला २०२३मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथून डॉक्टर होऊन निघणारी मुले बंधपत्राच्या सेवेसाठी उद्या खेड्यांत येतील. आल्या आल्या त्यांचा पहिला प्रश्न असेल, राहायचे कुठे? समुद्र पाहायला येणाऱ्या पाहुण्यासाठी आपण खोल्या सारवल्या, रंगवल्या, पाण्याची टाकी बसवली. त्यात गैर काही नाही, गावाला त्याने चार पैसे मिळाले. रात्री-अपरात्री धावून येणाऱ्या परिचारिकेसाठी, नव्या डॉक्टरसाठी तेवढीच ऊबदार खोली काढणे आपल्याला जड का जावे?

पुढच्या महिन्यात बंद घरांची कुलपे निघतील, माजघरे झाडली जातील, विहिरीचा रहाट पुन्हा वाजेल. जूनच्या पहिल्या सरीआधी परतताना मुंबईकरांनी त्यातले एखादे घर उघडेच ठेवावे आणि त्याची किल्ली आशाताईंच्या हाती द्यावी.