इथेनॉल-मिश्रित पेट्रोलचा वाद आणि कोल्हापूर जिल्हा

इथेनॉल-मिश्रित पेट्रोलचा वाद हा पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण वाढवण्याच्या भारत सरकारच्या धोरणातून निर्माण झालेला आर्थिक, तांत्रिक व पर्यावरणीय वाद आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले आणि त्यानंतर हा वाद तीव्र झाला. या इंधनास ई-२० असे म्हणतात. ऊस हा इथेनॉलचा एक प्रमुख स्रोत असल्याने कोल्हापूर जिल्ह्यात या वादाला विशेष महत्त्व आहे. शाहूवाडी तालुक्यातील मलकापूर (बुलढाणा व सातारा जिल्ह्यांतील याच नावाच्या गावांहून वेगळे) अशा भागात मोडते, जेथे ऊस पिकवणारा शेतकरी व दुचाकीत पेट्रोल भरणारा ग्राहक अनेकदा एकाच घरातील असतो.

पार्श्वभूमी

ब्राझीलने १९७५ मध्ये, खनिज तेलाच्या किमती भडकल्यानंतर, उसापासून इंधन तयार करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. ऑगस्ट २०२५ पासून तेथे ३० टक्के मिश्रण लागू आहे. भारतात २००१ मध्ये प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले. त्यासाठी निवडलेल्या ठिकाणांत महाराष्ट्रातील मिरज व मनमाड ही दोन ठिकाणे होती. २००३ मध्ये काही राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले, परंतु पुरवठा व दर यांच्या अडचणींमुळे प्रगती मंद राहिली. २०१३-१४ मध्ये देशातील सरासरी मिश्रण १.५३ टक्के इतकेच होते.

२०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २० टक्के मिश्रणासाठी २०३० ची मुदत होती. २०२२ मध्ये ती २०२५-२६ पर्यंत अलीकडे आणण्यात आली. जून २०२२ मध्ये १० टक्क्यांचे उद्दिष्ट पूर्ण झाले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-२० ची विक्री सुरू झाली. २०२३-२४ मध्ये सरासरी मिश्रण १४.६ टक्क्यांवर पोहोचले.

उसापासून इथेनॉल

साखर कारखान्यात इथेनॉल तीन मार्गांनी तयार होते. साखर पूर्ण काढून घेतल्यानंतर उरणारी मळी 'सी-हेवी' म्हणून ओळखली जाते; तिच्या वापराने साखरेचे उत्पादन घटत नाही. काही साखर शिल्लक ठेवून काढलेली मळी 'बी-हेवी' होय. तिसऱ्या मार्गात उसाचा रस किंवा पाक थेट आसवनीकडे (डिस्टिलरीकडे) वळवला जातो. शेवटच्या दोन मार्गांनी इथेनॉल वाढते, पण साखर कमी होते. त्यामुळे साखरेचा अतिरिक्त साठा असलेल्या वर्षी हे मार्ग कारखान्यांना लाभदायक ठरतात, तर टंचाईच्या वर्षी सरकार त्यांवर मर्यादा घालते.

७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने उसाचा रस व पाक यांपासून इथेनॉल तयार करण्यास मनाई केली. काही दिवसांत हा आदेश शिथिल करून १७ लाख टन साखरेच्या मर्यादेत परवानगी देण्यात आली. ऑगस्ट २०२४ मध्ये पुढील वर्षासाठी हे निर्बंध उठवण्यात आले. कर्ज काढून आसवनी उभारलेल्या कारखान्यांना हंगाम सुरू असतानाच नियोजन बदलावे लागल्याने धोरणातील अस्थिरता हा टीकेचा एक मुख्य मुद्दा बनला.

शेतकरी व कारखाने

मलकापूरच्या परिसरात, वारणा व कडवी नद्यांच्या खोऱ्यांत ऊस घेतला जातो. शाहूवाडी तालुक्यातील सोनवडे-बांबवडे येथे उदयसिंगराव गायकवाड सहकारी साखर कारखाना, तर शेजारच्या पन्हाळा तालुक्यात वारणानगर येथे वारणा सहकारी साखर कारखाना आहे.

उसाचा रास्त व किफायतशीर दर (एफआरपी) साखर उताऱ्यावर ठरतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आणि त्यापुढील प्रत्येक ०.१ टक्क्यास ३.४६ रुपये असा दर जाहीर झाला. यानुसार १२.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलमागे ४२४.२० रुपये होतात. त्यातून तोडणी व वाहतुकीचा खर्च वजा होतो. रस किंवा बी-हेवी मळी इथेनॉलकडे वळवल्यास प्रत्यक्ष साखर कमी निघते. म्हणून वळवलेली साखर हिशेबात धरून उतारा निश्चित करावा लागतो. हा हिशेब पारदर्शक असावा आणि इथेनॉलसारख्या उपपदार्थांच्या उत्पन्नात शेतकऱ्याला वाटा मिळावा, ही ऊस उत्पादकांची मागणी आहे. उपपदार्थांसह महसूल वाटपाचे सूत्र रंगराजन समितीनेही २०१२ मध्ये सुचवले होते.

कारखान्यांची तक्रार दरांविषयी आहे. २०२२-२३ मध्ये १०.२५ टक्के उताऱ्याचा एफआरपी ३०५ रुपये होता. तो पुढे ५० रुपयांनी वाढला. परंतु रसापासूनच्या इथेनॉलचा दर लिटरला ६५.६१ रुपये व बी-हेवीचा ६०.७३ रुपये यांवरच स्थिर राहिला. याउलट मक्यापासूनच्या इथेनॉलचा दर ७१.८६ रुपयांपर्यंत गेला. २०२५-२६ साठी तेल कंपन्यांनी वाटप केलेल्या सुमारे १,०४८ कोटी लिटरपैकी ऊस-आधारित इथेनॉलचा वाटा सुमारे २८ टक्के होता. उर्वरित वाटा मका व तांदूळ यांसारख्या धान्यांचा होता. उसाच्या अतिरिक्त उत्पादनावरील उपाय म्हणून मांडलेल्या योजनेत उसाचाच वाटा घटल्याने आसवन्यांची क्षमता पडून राहण्याची चिंता साखर उद्योगाने व्यक्त केली.

वाहनधारकांचे आक्षेप

इथेनॉलचा ऑक्टेन अंक पेट्रोलपेक्षा जास्त असतो, परंतु एका लिटरमधील ऊर्जा सुमारे दोन-तृतीयांशच असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यानुसार, मूळ रचना इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी असलेल्या व १० टक्के मिश्रणाशी जुळवलेल्या वाहनांत ई-२० मुळे इंधन-कार्यक्षमता चारचाकींमध्ये ६ ते ७ टक्के व दुचाकींमध्ये ३ ते ४ टक्के घटू शकते. लिटरला ५० किलोमीटर धावणाऱ्या दुचाकीसाठी ही घट दीड ते दोन किलोमीटर होते. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि जुन्या वाहनांतील काही रबरी भागांवर परिणाम करू शकते. ई-२० साठी योग्य वाहने एप्रिल २०२३ पासून बाजारात आली. त्यापूर्वीच्या वाहनांच्या मालकांचा आक्षेप प्रामुख्याने पर्याय नसल्याबद्दल आहे.

दर हा दुसरा आक्षेप आहे. नीती आयोगाच्या आराखड्यात कमी ऊर्जेची भरपाई म्हणून ग्राहकाला करसवलत देण्याचा विचार मांडला होता. सरकारच्या स्पष्टीकरणानुसार, जुलै २०२५ अखेर इथेनॉलची सरासरी खरेदी किंमत वाहतूक व करासह लिटरला ७१.३२ रुपये झाली होती, त्यामुळे मिश्रित इंधन स्वस्त करण्यास वाव उरला नाही. ई-२० सोबत इथेनॉलविरहित पेट्रोलचाही पर्याय मागणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली.

परकीय चलन, पाणी व अन्न

पेट्रोलियम मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०१४-१५ पासून जुलै २०२५ पर्यंत मिश्रणामुळे १.४४ लाख कोटी रुपयांहून अधिक परकीय चलन वाचले. पेट्रोलच्या तुलनेत हरितगृह वायूंचे उत्सर्जन उसाच्या इथेनॉलमध्ये ६५ टक्के व मक्याच्या इथेनॉलमध्ये ५० टक्के कमी असल्याचे सरकार सांगते.

विरोधी बाजूचा भर पाण्यावर आहे. नीती आयोगाच्याच आराखड्यात उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलसाठी सुमारे २,८६० लिटर पाणी लागते असे नमूद आहे. मात्र हा आकडा सर्वत्र सारखा अर्थ धारण करत नाही. सह्याद्रीच्या पायथ्याशी, भरपूर पावसाच्या शाहूवाडीत त्याचा ताण जसा पडतो, त्याहून कितीतरी अधिक तो मराठवाडा व सोलापूरच्या अवर्षणप्रवण भागांत पडतो. मक्याकडे वळल्यास पाण्याची गरज कमी होते; परंतु मका हे कोंबड्यांचे प्रमुख खाद्य असल्याने कुक्कुटपालन व्यवसायाचा खर्च वाढतो. २०२४ मध्ये भारत मक्याचा निव्वळ आयातदार झाला.

पुढील दिशा

सध्याचा आराखडा ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ई-२० पुरता मर्यादित असल्याचे सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्ट केले. त्यापुढे मिश्रण वाढवायचे झाल्यास जुन्या वाहनांसाठी वेगळे इंधन, ऊस व धान्य यांच्यातील वाटपाचे प्रमाण आणि इथेनॉलच्या दराची एफआरपीशी सांगड हे तीन प्रश्न एकत्र सोडवावे लागतील. इथेनॉलचा दर वाढवल्यास कारखान्यांना ऊसबिले वेळेवर देणे सुकर होते, पण मिश्रित पेट्रोल महागते. दर गोठवल्यास भार पुन्हा कारखाना व ऊस उत्पादकावर येतो. ऊसपट्ट्यात दोन्ही बाजूंचा परिणाम त्याच कुटुंबांना भोगावा लागत असल्याने तेथील चर्चा प्रामुख्याने लाभाच्या वाटपाभोवती केंद्रित आहे.