टँक चकाचक, मासे गायब!

दिवाळीत पुण्याहून पुरुषोत्तमनगरला ताईकडे गेलो होतो. भाचीला वाढदिवसाला दिलेला २० लिटरचा टँक जरा कळकट दिसला. झालं, मामाला उत्साह आला! सगळं पाणी ओतून दिलं, खडी आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा धुतला. टँक एकदम चकाचक. आठवड्यात चारपैकी तीन गप्पी गेले. ‘मामा, तू मारलंस त्यांना?’ उत्तर होतं, हो.

माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यातून अमोनिया तयार होतो. स्पंजवर, खडीवर वाढणारे जिवाणू त्या विषाचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ही फौज उभी राहायला चार-सहा आठवडे लागतात. मी ती पाच मिनिटांत गटारात सोडली.

तेव्हा मंडळी, वीकेंडला टँक घासायला बसताय? थांबा. आठवड्याला फक्त पाव हिस्सा पाणी बदला. क्लोरीनचं पाणी असेल तर क्लोरीन घालवूनच वापरा. स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच टाका.

उरलेला एक गप्पी मजेत आहे. दर रविवारी भाचीचा फोन येतो, ‘मामा, पावच बदललं हं! आणि तू येऊ नकोस.’