उदककुंभाचे दान आणि पदयात्रेचे भान

आज अक्षय्य तृतीया. साडेतीन मुहूर्तांत गणल्या गेलेल्या या तिथीस घरोघरी पितरांच्या नावे उदककुंभ भरला जातो आणि तो सत्पात्री दिला जातो. ज्या महिन्यात विहिरीचा तळ दिसू लागतो, नेमक्या त्याच महिन्यात पूर्वजांनी सोन्याच्या नव्हे तर पाण्याच्या दानाला अक्षय्य म्हटले. हा योगायोग नव्हे. उन्हात चालणाऱ्याची तहान ज्यांनी अनुभवली होती, त्यांनी सांगितलेला हा धर्म आहे.

या धर्माचे स्मरण आज करण्याचे कारण वर्तमानात आहे. गेल्या काही दशकांत भर उन्हाळ्यातील पदयात्रा वाढल्या. रामनवमीस शिर्डी गाठण्यासाठी मुंबई-ठाण्याकडील पालख्या शहापूर, कसारा घाट या मार्गाने सुमारे अडीचशे किलोमीटर चालत जातात. चैत्री पौर्णिमेस सप्तशृंगगडाची वाट भाविकांनी फुलते. याच नाशिक-मुंबई रस्त्याने ६ मार्च २०१८ रोजी निघालेले शेतकरी सुमारे १८० किलोमीटर चालून १२ मार्चला मुंबईस पोहोचले, तेव्हा त्यांच्या पायांना आलेले फोड साऱ्या देशाने पाहिले. श्रद्धेने चाला की न्यायासाठी चाला, वरचे ऊन भेद करीत नाही.

ते बसलेल्यांसही सोडत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे उघड्या मैदानावर झालेल्या महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. ते सारे श्रद्धाळू श्रोते होते. ही घटना कोणाकडे बोट दाखवण्यासाठी येथे सांगत नाही. श्रद्धेच्या छत्राने डोक्यावरचे ऊन अडत नाही, एवढेच त्यातून शिकावयाचे आहे.

‘उन्हाचा विचार करणे म्हणजे देवावरचा विश्वास उणा’ असे काही भाविक मानतात. शास्त्र तसे मानीत नाही. मनूने राजाला स्वारीस निघण्यासाठी मार्गशीर्ष सांगितला, किंवा फाल्गुन-चैत्र. ज्येष्ठाचे नाव घेतले नाही. वाग्भटाने ग्रीष्मात व्यायाम आणि सूर्यकिरण दोन्ही वर्ज्य सांगितले. तो या ऋतूत खारटही टाळावयास सांगतो, हे खरे. परंतु ती सामान्य दिनचर्या झाली. घामावाटे मीठ गमावणाऱ्या वाटसरूस ते परत द्यावेच लागते. पंढरीची आषाढी वारीसुद्धा पावसाच्या तोंडाशी निघते. ऋतू पाहून चालणे ही आपली जुनीच रीत आहे.

माझी स्वतःची पहिली लांबची वाटचाल मी विसरलेलो नाही. १९७८ च्या वैशाखात, अठराव्या वर्षी, गुरुजींबरोबर किन्हवलीस कीर्तनासाठी निघालो होतो. शहापुरास एस. टी. चुकली. ‘चालत जाऊ’ म्हणून मीच हट्ट धरला. पहिले दोन कोस श्लोक म्हणत गेलो, पुढे श्लोकही सुटले. डोके जड झाले, पाय भलतीकडे पडू लागले. वाटेतल्या एका ठाकूरवाडीत म्हातारीने न विचारता मडक्यातले पाणी पुढे केले. सोवळ्याच्या संस्कारात वाढलेला मी क्षणभर थबकलो. गुरुजींनी माझ्या आधी तांब्या घेतला, पाणी प्यायले आणि म्हणाले, “बाळ, हे तीर्थ आहे, घे.” ते पाणी तिने दूरच्या झऱ्यावरून डोक्यावर वाहून आणले होते, हे नंतर कळले. त्या रात्री माझ्या तोंडून झालेले निरूपण गुरुजींना आवडले. परंतु खरे कीर्तन दुपारीच झाले होते.

आज त्या वाडीचे स्मरण होते तेव्हा मन खिन्न होते. शहापूर तालुक्यात १८९२ मध्ये पूर्ण झालेले तानसा धरण आहे, भातसा आहे. मुंबईची तहान मोठ्या प्रमाणात येथूनच भागते. तरीही याच तालुक्यातील कित्येक पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. ज्याच्या अंगणातून पाणी जाते त्याचाच हंडा रिकामा राहावा, हा उदककुंभाच्या धर्माचा उपहास नव्हे काय? आपल्या पालख्या ज्या वाड्यांवरून जातात, त्यांच्याकडे पाणी मागण्यापूर्वी हा विचार व्हावा.

दुसरी गोष्ट सावलीची. अशोकाच्या शिलालेखांत वाटेवर झाडे लावल्याची आणि विहिरी खोदल्याची नोंद आहे. मुरबाड तालुक्यातून वर चढणाऱ्या नाणेघाटात सातवाहन राणीने केलेल्या यज्ञांची मोठी यादी कोरलेली आहे. त्याच घाटातील पाण्याच्या एका टाक्यावर, ही पोढी सोपाऱ्याच्या गोविंददासाचे दान, एवढाच लेख आहे. यज्ञांची दक्षिणा कधीच संपली. टाक्यांनी मात्र शतकानुशतके वाटसरूंची तहान भागवली. याउलट ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग याच शहापूर तालुक्यातून जातो, पण त्यावर पायी चालणाऱ्यास जागाच नाही. वेगाचे रस्ते हवेत. परंतु जुने रस्ते रुंद करताना गेलेल्या वडा-आंब्यांच्या जागी नवी झाडे कोण लावणार, हे विचारणे वाटसरूचा हक्क आहे.

आता प्रथमच चालणाऱ्यांसाठी चार शब्द. शरीर उन्हाला सरावण्यास एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून नवख्याने आधी रोज थोडे थोडे चालावे. हवामान खाते सपाटीवर ४० आणि किनाऱ्यालगत ३७ अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करते. हे मोजमाप सावलीतले असते, डांबरावर त्याहून अधिक तापते. ठाण्याच्या दमट हवेत घाम सुकत नाही, त्यामुळे अंग निवत नाही. पहाटे निघावे, अकराच्या आत सावली गाठावी, ऊन उतरल्यावर पुढे जावे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, चमचा सपाट भरलेला, हे पेय जवळ असावे. कोणी असंबद्ध बोलू लागला वा अंग तापून शुद्ध हरपू लागली, तर त्यास सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि विनाविलंब रुग्णालयात पोहोचवावे. बेशुद्धाच्या तोंडात मात्र पाणी घालू नये. व्रत मोडेल या भयाने थांबण्यास कोणी लाजू नये. अर्ध्या वाटेवरून परतलेल्याचा नमस्कारही देवास पोहोचतो.

आज कुंभ भराल तेव्हा एक कुंभ दारातल्या वाटसरूसाठी भरा. पालखीच्या मंडळांनी यंदा रोषणाईचा खर्च थोडा कमी करून वाटेवरच्या एखाद्या पाड्याची विहीर उपसून द्यावी, पावसाळ्यात चार वड लावावेत. ज्या दानाची सावली पुढच्या पिढीच्या डोक्यावर पडते, तेच खरे अक्षय्य होय.