परवाना हातात आला, पण काडतूस कोणतं? मोबाईलवरचा सल्ला इथं चालत नाही

पिंपळगाव बसवंत : कांदा-टोमॅटोच्या हंगामात बाजार समितीत रोकड घेऊन फिरणारे व्यापारी, महामार्गालगतचे पंपवाले आणि मळ्यात एकट्या वस्तीवर राहणारे द्राक्ष बागायतदार यांच्यात पिस्तुलाच्या परवान्याचा विषय अधूनमधून निघतोच. मग मोबाईलवर अमेरिकन व्हिडिओ पाहिले जातात : नऊ एमएम घ्या, टोक पोकळ असलेली गोळी घ्या, ती अंगात फुलते, आरपार जात नाही.

तिकडचं तिकडं ठीक. आपल्याकडं नऊ एमएम सामान्य नागरिकाला मिळतच नाही, ते प्रतिबंधित बोअर आहे. परवानाधारकाच्या हाती बहुतेक वेळा येतं ते पॉइंट बत्तीस बोअर. निवड करायला वाव असा फारसा उरत नाही, उरते ती फक्त चूक न करण्याची जबाबदारी.

आणि चूक इथंच होते. बत्तीसचं पिस्तूल आणि बत्तीसचं रिव्हॉल्व्हर, नाव एकच, काडतूस वेगळं. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली ठळक कड असते आणि ते लांबीलाही जास्त असतं. दुकानात नुसतं 'बत्तीसचं द्या' म्हणून भागत नाही. शस्त्र आणि परवाना दोन्ही दाखवून घ्यावं. ओल लागलेलं, हिरवट गंज चढलेलं काडतूस ऐनवेळी पेटलं नाही तर कमरेचं पिस्तूल नुसतं लोखंड. देशी काडतुसं खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनतात. 2021 पासून हा कारखाना म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडं आहे.

किती काडतुसं ठेवायची तो आकडा परवान्यावरच असतो. परवाना नसलेल्या भावाच्या खिशात एक काडतूस सापडलं तरी शस्त्र कायदा लागतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा शस्त्र किंवा काडतूस बाळगल्यास शिक्षा साधारण दोन ते पाच वर्षं. लग्नात, मिरवणुकीत हवेत बार काढून लोकांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरीही वरातीत हौस करणारे कमी नाहीत!

लपवून बाळगण्याचं म्हणाल तर अमेरिकेत बऱ्याच राज्यांत तो वेगळ्या परवानगीचा विषय. आपल्याकडं 2016 च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेलंच हवं. कमरेला खोचून लोकांना दिसेल असं फिरणं म्हणजे रुबाब नव्हे, नियमभंग.

आता खरा प्रश्न, गोळी झाडायची कधी? 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाची कलमं 34 ते 44 आहेत. दरोडा, सूर्यास्तानंतरची घरफोडी, जीवाला धोका होईल अशी चोरी, अशा वेळी हा हक्क समोरच्याचा जीव जाण्यापर्यंत पोचतो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, ही अट कायम. बॅग टाकून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली तर स्वसंरक्षण सिद्ध करणं अवघड. लिलावाच्या गर्दीत चुकलेली गोळी कुणाला लागली तर हिशोब आणखी वेगळा.

निफाडच्या उसात बिबट्या दिसला की 'बंदूक हवी' अशी मागणी होते. बिबट्या 1972 च्या वन्यजीव कायद्यात अनुसूची एकमध्ये आहे. अंगावर आलेल्या बिबट्यापासून जीव वाचवताना तो मेला तर कायदा सूट देतो. दिसला म्हणून मारला तर देत नाही. अशा वेळी आधी वनविभागाला फोन करावा.