टॉवर आला, पण रिचार्जचं काय?



ऑस्ट्रेलिया म्हटलं की वर्गातली मुलं 'कांगारू' म्हणून मोकळी होतात. मग मी त्यांना ॲलिस स्प्रिंग्जची 'स्कूल ऑफ द एअर' सांगते. १९५१ पासून तिथे लांबलांबच्या गुरांच्या फार्मवरची मुलं वायरलेसवर धडे ऐकत होती. मुलांना भारी वाटतं. पण त्याच वाळवंटातल्या ॲबोरिजिनल, म्हणजे मूळनिवासी वस्त्यांमध्ये आज काय स्थिती आहे?

तिथल्या सरकारने २०२० च्या करारात ठरवलं की २०२६ पर्यंत मूळनिवासी आणि इतर नागरिक डिजिटल सोयींत बरोबरीला यावेत. २०२३ च्या डिजिटल निर्देशांकात मात्र दोघांत १०० पैकी ७.५ गुणांचं अंतर होतं. अतिदुर्गम वस्त्यांत तर २० च्याही वर.

लोक म्हणतात, टॉवर उभारा, प्रश्न मिटला. मला हे पटत नाही. या वस्त्यांत बहुतेकांकडे प्रीपेड कार्ड असतं. डेटा संपला की पुढचे पैसे हातात येईपर्यंत घर बंद! शिवाय एक फोन भाऊ, मावशी, आजी सगळे वापरतात. वाटून घेणं ही त्यांची रीत. आणि सरकारी पोर्टल काय धरून चालतं? एक माणूस, एक नंबर, एक पासवर्ड. आजीच्या भत्त्यासाठीचा कोड येतो तेव्हा फोन नातवाबरोबर दुसऱ्या गावाला गेलेला असतो. त्यात सगळ्या सूचना इंग्रजीत, घरात मात्र वार्लपिरी किंवा दुसरी एखादी भाषा. यात चूक आजीची की पोर्टलची?

'त्यांना तंत्रज्ञान जमत नाही' हेही खोटं. ॲलिस स्प्रिंग्जपासून सुमारे ३०० किलोमीटरवरच्या युएंडुमू वस्तीतल्या वार्लपिरी लोकांनी १९८५ मध्येच स्वतःचं टीव्ही प्रक्षेपण सुरू केलं होतं, तेही परवान्याची वाट न बघता! उपग्रहावरून बाहेरचे कार्यक्रम येणार, मग आपल्या भाषेचं काय, ही त्यांची काळजी होती.

म्हणून मला वाटतं, वस्तीत मोफत वायफाय हवं, आणि फोन शिकवणारा माणूस त्याच वस्तीतला, त्यांच्या भाषेत बोलणारा हवा.

खरं सांगायचं तर लॉकडाऊनमध्ये मीही ग्रुपवर व्हिडिओ टाकून 'आजचा अभ्यास पूर्ण' लिहीत होते. वर्गातल्या एका मुलीचा फोन वडिलांबरोबर ऊसतोडीला गेला होता, हे मला दिवाळीनंतर कळलं.