घराण्याचे पत्र आणि लोकांचे पत्र

वृत्तपत्र ही कोणा घराण्याची मिरास असू नये, हे विधान सुशिक्षितांच्या बैठकीत केले असता त्यास कोणी हरकत घेत नाही. बापाने लिहावे, मुलाने छापावे आणि सुनेने जमाखर्च पाहावा, अशा पत्रातून लोकमत ते काय निघणार, असे म्हणून आपण हसतो. प्रस्तुत लेखकाने हेच मत पंचवीस वर्षे वर्गात सांगितले. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा या लहानशा देशाच्या राजधानीत, मानाग्वा येथे, निघालेल्या 'ला प्रेन्सा' या स्पॅनिश दैनिकाचा इतिहास वाचल्यापासून मात्र ते सांगताना जीभ अडखळू लागली आहे.

आक्षेपकांची बाजू आम्ही दुबळी करून मांडणार नाही. १९२६ साली दुसऱ्यांनी काढलेले हे पत्र १९३२ मध्ये चामोरो घराण्याच्या हाती आले. हे घराणे गोरगरिबांचे नव्हे. त्यापूर्वीच त्याने देशास एकाहून अधिक राष्ट्राध्यक्ष दिले होते, आणि पत्रही कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे म्हणूनच ओळखले जाई. पुढे १९८० नंतरच्या दशकात अमेरिकन काँग्रेसच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेची मदत पत्राने स्वीकारली, आणि तीही अशा वेळी की, तीच अमेरिका निकाराग्वाच्या सरकारविरुद्ध बंडखोरांस शस्त्रे पुरवीत होती. हा डाग आहे आणि तो धुऊन निघत नाही. १९९० च्या निवडणुकीत तर मालकीणबाई व्हिओलेता चामोरो याच राष्ट्राध्यक्ष झाल्या. झडती घेणारा आणि झडती देणारा एकाच घरी जेवू लागल्यावर झडतीचे काय होते, हा प्रश्न रास्तच आहे.

परंतु त्या देशात आणखीही एक घराणे होते, हे आक्षेपक विसरतात. ते सोमोझांचे. बाप आणि त्यामागून दोन मुलगे, असे चाळीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी राज्य केले. १९५२ मध्ये पेद्रो होआकिन चामोरो याने वडिलांमागे पत्राची सूत्रे हाती घेतली आणि या हुकूमशाहीशी उघड वैर मांडले. तुरुंग झाला, हद्दपारी झाली. १९७२ च्या भूकंपात छापखाना जमीनदोस्त झाला, तरी काही महिन्यांत पत्र पुन्हा निघाले. गरिबांच्या रक्तातील द्रव काढून परदेशी विकण्याचा किफायतशीर धंदा मानाग्वात चाले. त्याचे वाभाडे या पत्राने काढले. १० जानेवारी १९७८ रोजी कचेरीत जात असता पेद्रो होआकिनवर भर रस्त्यात गोळ्या झाडण्यात आल्या. पुढच्या वर्षी सोमोझाच्या सैन्याने छापखानाही उद्ध्वस्त केला. तरी पत्र निघालेच.

आता कोणी म्हणेल की, पगारी संपादकही शूर असू शकतो. निःसंशय असू शकतो. परंतु त्यास राजीनाम्याची वाट मोकळी असते, आणि भागीदारास भाग विकण्याची. आडनावाचा राजीनामा कोणाकडे देणार?

क्रांतीनंतर या घराण्यात जी फूट पडली ती आक्षेपकांनी मुद्दाम अभ्यासावी. १९८० मध्ये मृताचा भाऊ हाव्हियेर बहुतेक नोकरवर्गास घेऊन बाहेर पडला आणि त्याने 'एल नुएव्हो दियारिओ' हे क्रांतीस अनुकूल दैनिक काढले. धाकटा मुलगा कार्लोस फर्नांदो हा सत्ताधारी सांदिनिस्ता पक्षाच्या 'बारिकादा' या मुखपत्राचा संपादक झाला. विधवा आई आणि थोरला मुलगा विरुद्ध बाजूस राहिले. एका घरची तीन दैनिके, आणि तिन्ही एकमेकांच्या उरावर! घराण्याच्या पत्रातून एकच सूर निघतो म्हणणाऱ्यांनी हा सूर ऐकून पाहावा.

या तिघांचे पुढे काय झाले? पक्षाने १९९४ मध्ये कार्लोस फर्नांदोस दूर केले, आणि १९९८ मध्ये ते मुखपत्रही बंद पडले. 'नुएव्हो दियारिओ' कालांतराने बँकव्यवसायातील धनिकांकडे गेले व २०१९ मध्ये आटोपले. उरले ते घराण्याचे. त्याच्याशी सरकारने निराळीच युक्ती केली. हल्लीचा हुकूमशहा खिळे जप्त करीत बसत नाही; तो परदेशातून आलेला कागद आणि शाई जकातीच्या गोदामात कुजत ठेवतो. २०१८ पासून फेब्रुवारी २०२० पर्यंत दानिएल ओर्तेगा यांच्या सरकारने हेच केले. ऑगस्ट २०२१ मध्ये पुन्हा कागद अडला आणि छापील अंक थांबला. दुसऱ्याच दिवशी पोलीस कचेरीत शिरले. व्यवस्थापक हुआन लोरेन्सो होलमान चामोरो यांस नऊ वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली. फेब्रुवारी २०२३ मध्ये २२२ राजबंद्यांस विमानात घालून अमेरिकेत धाडले, त्यांत ते होते. मागोमाग त्या सर्वांचे नागरिकत्वही काढून घेतले. जप्त केलेल्या इमारतीत सरकारने सांस्कृतिक केंद्र थाटले. संस्कृतीचे हे प्रेम वाखाणण्यासारखे आहे!

'ला प्रेन्सा' आज कागदावर नाही. परदेशात विखुरलेली तिची माणसे ती इंटरनेटवरून काढतात. २०२५ मध्ये युनेस्कोने तिला वृत्तपत्रस्वातंत्र्याचे पारितोषिक दिले, तेव्हा निकाराग्वाच्या सरकारने रागाने युनेस्कोच सोडली. मिरासदारीचे आमचे व्याख्यान यंदाही वेळापत्रकात आहे. त्यात हा इतिहास कोठे बसवावा, हे आक्षेपकांपैकी कोणी कळविल्यास आम्ही आभारी होऊ.