पाहुणा वाड्यात उतरावा, किल्ल्यात नव्हे

मराठी मध्यमवर्गाच्या प्रवासाच्या कल्पना गेल्या पाव शतकात पार पालटल्या. पूर्वी प्रवास म्हणजे तीर्थयात्रा किंवा नातलगांकडील लग्नकार्य; मुक्काम धर्मशाळेत, भक्तनिवासात नाहीतर मावशीच्या घरी; आणि सोबत दशम्या-चटणीचे गाठोडे. आज त्याच घरातील पुढची पिढी सुटीचा बेत आखते तेव्हा तिला शंभर खोल्यांचे चकचकीत हॉटेलही नको असते. तिला हवे असते जुन्या वास्तूत थाटलेले, आठ-दहा खोल्यांचे, स्वतःचा चेहरा असलेले छोटेखानी निवासस्थान. यालाच 'बुटीक हॉटेल' म्हणतात. ज्या घंगाळात आजोबांचे स्नानाचे पाणी निघे, त्यात तेथे गुलाबपाकळ्या तरंगत असतात. जेवणात 'स्थानिक चव' असते आणि पेल्यात नाशिकची वाइन. उपनिषदातील अतिथीविषयीचे ते प्रसिद्ध वचनही स्वागतकक्षातील पितळी पाटीवर विराजमान झालेले असते.

या हौसेची केवळ टवाळी करणे सोपे आहे, पण ते न्याय्य ठरणार नाही. आपल्याच मातीतील वास्तू, भांडी आणि पदार्थ यांच्याविषयी शहरी माणसाला पुन्हा ओढ वाटू लागली, ही काही वाईट गोष्ट नव्हे. प्रश्न निराळाच आहे. या ओढीतून निर्माण होणारा पैसा आणि मान कोणाच्या पदरात पडतो? ज्यांनी ती वास्तू आणि ती चव पिढ्यान्‌पिढ्या जपली त्यांच्या, की ज्यांनी ती भाडेपट्ट्याने घेतली त्यांच्या?

हा प्रश्न मराठवाड्यातील औसा या गावाच्या संदर्भात तपासून पाहण्यासारखा आहे. लातूरपासून सुमारे २० किलोमीटरवरील हे तालुक्याचे गाव. बहमनी काळापासून नांदता असलेला, खोल खंदकाने वेढलेला आणि सखल जागी वसल्यामुळे दुरून नजरेस न पडणारा भुईकोट किल्ला येथे आहे. १६३६ साली तो मोगलांच्या ताब्यात गेला. पुढे १७६०च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी उदगीर-औसा परिसरातच निजामाला नमविले. पानिपताच्या शोकात हा विजय झाकोळला गेला, एवढेच. याच तालुक्यात खरोशाची लेणी आहेत. गावात नाथ संस्थान आहे आणि त्याची चक्रीभजनाची परंपरा पंढरपूरपर्यंत मानाने पोहोचलेली आहे. तुळजापूर दूर नाही. लातूरच्या शिकवण्यांसाठी राज्यभरातून येणाऱ्या विद्यार्थ्यांचे पालक वर्षभर या भागात ये-जा करीत असतात. म्हणजे पाहुणा येथे आधीपासूनच येतो. फक्त तो औशात थांबत नाही. लातूरच्या एखाद्या लॉजमध्ये रात्र काढतो आणि पहाटेची गाडी पकडतो.

त्याला थांबवायचे कसे, असे विचारताच पहिले बोट किल्ल्याकडे वळते. राजस्थानातील निमराणा येथील पडका किल्ला १९९१ साली हॉटेल म्हणून उघडला आणि देशभर त्याचे अनुकरण सुरू झाले. महाराष्ट्रात सासवडजवळ पिलाजी जाधवरावांच्या गढीत २००७ साली 'जाधवगड' हे हॉटेल उभे राहिले. ही उदाहरणे यशस्वी आहेत हे मान्य करावे लागेल. पडझड थांबली, आसपासच्या गावांतील तरुणांना काम मिळाले. मात्र त्या गढ्या खासगी मालकीच्या होत्या, हा भेद विसरता कामा नये. सप्टेंबर २०१९मध्ये राज्यातील २५ किल्ले हॉटेलांसाठी दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्याचा शासनाचा विचार वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाला, तेव्हा महाराष्ट्रात जो संताप उसळला तो याच भेदापोटी होता. छत्रपती शिवरायांशी निगडित अशा वर्ग एकच्या संरक्षित किल्ल्यांना हात लावला जाणार नाही, वर्ग दोनमधील असंरक्षित किल्ल्यांपुरताच हा विचार आहे, असा खुलासा तेव्हाच्या शासनाला करावा लागला. ते शासन कोणत्या पक्षाचे होते हे वाचकांना ठाऊक आहे. म्हणून चूक लहान ठरत नाही. किल्ला लहान असो वा मोठा, तो सार्वजनिक आहे. औशाच्या शाळेतील पोराने तटावर चढून खंदकात खडे टाकणे हा त्याचा हक्क आहे. तेथे 'फक्त निवासी अतिथींसाठी' अशी पाटी लागली की तो हक्क संपला.

यावर स्पेनचा दाखला दिला जातो. तेथे १९२८पासून 'पारादोर' नावाची हॉटेले जुन्या गढ्यांत आणि मठांत चालविली जातात आणि प्रत्येक ठिकाणी त्या प्रांताचे अन्न आवर्जून वाढले जाते. दाखला चांगला आहे, पण अर्धाच सांगितला जातो. ही साखळी स्पेनच्या शासनाच्या मालकीची आहे. वास्तूही राष्ट्राची आणि गल्लाही राष्ट्राचा. आपल्याकडे प्रस्ताव येतो तो नेहमी वास्तू राष्ट्राची आणि गल्ला दुसऱ्याचा, असा. शेजारच्या नळदुर्ग किल्ल्याची देखभाल राज्याच्या स्मारक संगोपन योजनेतून खासगी कंपनीकडे सोपविली गेली, तेव्हा किल्ल्याची साफसफाई झाली, बाग फुलली आणि पाणीमहाल पाहणाऱ्यांची गर्दी वाढली. औशाच्या किल्ल्यालाही संगोपन हवेच आहे. परंतु संगोपन वेगळे आणि शय्यागृहे वेगळी.

आता वाइनचा मुद्दा. 'चांगले अन्न आणि चांगली वाइन' ही जोडी या हॉटेलांच्या जाहिरातीत इतकी पक्की झाली आहे की एकाशिवाय दुसरे अपुरे वाटावे. महाराष्ट्राने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे स्वतंत्र धोरण आखले आणि नाशिकभोवती वाइनरींचे जाळे उभे राहिले. पुढे त्यांच्याच बागांत निवासस्थाने आली, पर्यटक आले, एका कंपनीचे समभाग डिसेंबर २०२२मध्ये शेअरबाजारात दाखल झाले. पण याच कथेतील मधले एक पान फारसे कोणी वाचून दाखवीत नाही. २००८च्या मंदीनंतर वाइनचा खप घसरला, अनेक वाइनरी अडचणीत आल्या आणि ज्यांनी मोठ्या आशेने वाइनची द्राक्षे लावली होती अशा कित्येक शेतकऱ्यांना वेली उपटून टाकाव्या लागल्या. खाण्याचे द्राक्ष बाजारात पडेल भावाने का होईना विकता येते, बेदाणा करून ठेवता येतो. वाइनच्या द्राक्षाला वाइनरीवाचून गिऱ्हाईक नसते. २७ जानेवारी २०२२ रोजी तेव्हाच्या मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, त्यालाही शेतकऱ्याच्या हिताचेच नाव देण्यात आले होते. तीव्र विरोधामुळे तो निर्णय अमलात आला नाही. मादक पेयांना आळा घालण्याचा प्रयत्न शासनाने करावा, असे राज्यघटनेचे ४७वे कलम सांगते. ज्या राज्यातील खेड्यापाड्यांत स्त्रियांनी मतदान करून बाटली आडवी केली, त्या राज्यात पाहुणचाराचा मापदंड म्हणून बाटली उभी करणे विसंगत आहे. (आयुर्वेदातील द्राक्षासवाचा दाखला देऊन वाइनचे समर्थन करणारेही भेटतात. त्यांना द्राक्षासवाची मात्रा किती असते हे एखाद्या वैद्याकडून समजून घ्यायला हरकत नाही.)

औसा तालुक्यातही द्राक्षबागा आहेत. येथील बागायतदाराने त्या टँकरच्या पाण्यावर जगविण्याची वर्षे पाहिली आहेत. एप्रिल २०१६मध्ये मांजरा धरण कोरडे पडल्याने लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे फार जुने झालेले नाही. म्हणून या भागात निवासस्थान काढणाऱ्याने पेल्याचा विचार करण्याआधी हंड्याचा करावा. पोहण्याचा तलाव असलेले हॉटेल येथे चांगले चालेलही. शेजारच्या गल्लीत नळाला आठवड्याने पाणी येत असताना ते शोभणार मात्र नाही.

मग औशाने करावे काय? याचे एक उत्तर इटलीत सापडते, आणि ते भूकंपाच्या वाटेने येते. ६ मे १९७६ रोजी इटलीच्या ईशान्येकडील फ्रिउली प्रांतात मोठा भूकंप झाला, सुमारे एक हजार माणसे मृत्युमुखी पडली. पुढे डोंगराळ गावांतील घरे दुरुस्त झाली, पण त्यांत राहायला माणसे उरली नव्हती. त्या रिकाम्या घरांचे करायचे काय, या विवंचनेतून १९८०च्या दशकाच्या आरंभी 'विखुरलेले हॉटेल' ही कल्पना पुढे आली. जिआनकार्लो दाल्लारा यांनी ती नावारूपास आणली. हॉटेल एका इमारतीत नसते. गावच हॉटेल असते. एक खोली या घरात, दोन त्या घरात, जेवण तिसऱ्याच्या ओसरीवर. आणि घरांची मालकी गावकऱ्यांचीच राहू शकते.

किल्लारी औसा तालुक्यातच आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून गावे झोपली असताना, जे घडले ते येथील प्रत्येक घराला ठाऊक आहे. हजारो माणसे गेली, ती प्रामुख्याने दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचे मणामणाचे माळवद अंगावर कोसळून. त्यानंतर ५२ गावे नव्या जागी वसविली गेली आणि मराठवाड्याच्या मनात माळवदाची धास्ती बसली. ती स्वाभाविक होती. पण तिचा एक परिणाम असा झाला की जे वाडे तगून राहिले त्यांच्याकडेही 'कधीतरी पाडायचे' म्हणूनच पाहिले जाऊ लागले. औशासारख्या जुन्या गावांतून असे वाडे आजही दिसतात. चौक, ओसरी, सागवानी खांब, कडीपाटाची छते, आणि बहुधा कुलूप. मुले पुण्याला किंवा हैदराबादला. वडीलधारे एका खणात. भाऊबंदकीत मालकीच्या कागदांवर नावांची रांग लागलेली. त्यामुळे दुरुस्ती कोणी करायची हेच ठरत नाही आणि पावसाळ्यागणिक एकेक भिंत बसते.

या वाड्यांतील दोन-दोन, चार-चार खोल्या पाहुण्यांसाठी तयार झाल्या तर किल्ल्याला हात न लावता औशाला मुक्कामाचे गाव होता येईल. पण पहिला खर्च पाकळ्यांच्या घंगाळावर नव्हे, भिंतीवर व्हायला हवा. दगडी भिंतीचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांना बांधणारे आडवे दगड, चारही भिंतींना कवेत घेणारा पट्टा, माळवदावरील मातीचा भार हलका करणे, ही कामे भूकंपानंतरच्या मजबुतीकरणात या परिसरातील गवंड्यांनी हाताळलेली आहेत. इटलीतही सान्तो स्तेफानो दि सेस्सानिओ या गावात, जेथे अशा विखुरलेल्या हॉटेलाचा मोठा बोलबाला झाला, २००९च्या भूकंपात गावाचा जुना मनोरा कोसळलाच. तेव्हा अभियंत्याचा दाखला असल्याशिवाय एकाही वाड्यात पाहुणा उतरवू नये, हा नियम नगरपरिषदेने कठोरपणे पाळावा. शेतकऱ्यांसाठी राज्याने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण आणले आणि त्याआधी २००५पासून पांडुरंग तावरे यांनी बारामती परिसरात त्याची वाट घालून दिली होती. शेतावरील खोलीला नोंदणी आणि सवलत मिळते, तर तालुक्याच्या गावातील जुन्या वाड्याला ती का मिळू नये?

आणि अन्न? त्या बाबतीत औशाला कोणाकडून उसनवारी करण्याचे कारण नाही. लातूर जिल्ह्यातील पानचिंचोलीची चिंच, बोरसुरीची तूरडाळ आणि कास्ती कोथिंबीर या तिन्ही जिनसांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील कुंथलगिरीचा खवाही त्याच सुमारास मानांकित झाला. पिवळ्याधमक डाळीचे चिंच घातलेले वरण, वर ती कोथिंबीर, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि शेवटी खव्याचा पेढा! मुंबईच्या तारांकित उपाहारगृहाने हे पान मांडले असते तर त्याची किंमत चार आकडी लावली असती. औशात मात्र पाहुणा आला की 'पनीरची भाजी सांगू का?' असे विचारले जाते. हा न्यूनगंड भाकरी थापणाऱ्या हातांचा नाही, तो भाकरीला गरिबीची खूण मानणाऱ्या मनाचा आहे. हे स्वयंपाकघर गावातील महिला बचतगटांच्या हाती द्यावे, बाहेरून आणलेल्या आचाऱ्याच्या नव्हे.

या भागाचा पाहुणचार खऱ्या अर्थाने पाहायचा तर वेळ अमावास्येला यावे. मार्गशीर्षातील या दिवशी, येथे तिला येळवस म्हणतात, लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांना स्थानिक सुटी असते. बाजारपेठा ओस पडतात, माणसे शिवारात जातात. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते. मग उंडे, भज्जी, खीर आणि मडक्यातील गार आंबील. येथील भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. हरभरा, तूर, वाटाणा, गाजर आणि शिवारातील हिरव्या भाज्या बेसनात शिजवून केलेली ती दाट भाजी असते. ज्याला शेत नाही त्याला शेतवाल्याचे बोलावणे येते. वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून पंगतीत बसविले जाते. त्याची जात, गाव, पक्ष कोणी विचारीत नाही.

या दिवसाचे 'पॅकेज' करून विकण्याची कल्पना कोणाला तरी सुचणार, हे उघड आहे. ती वेळीच नाकारली पाहिजे. वाड्यातील खोलीचे भाडे खुशाल घ्यावे, परंतु त्या दिवशी शिवारातल्या पानाचे मोल लावू नये. डिसेंबर-जानेवारीत येणाऱ्या पाहुण्याला हे आगाऊ सांगून ठेवणे मात्र बरे, कारण त्या दुपारी गावातील बहुतेक खानावळी बंद असतात आणि जेवायचे तर कोणाच्या तरी शेतावरच जावे लागते.